उद्याचे चार अंश

"म्हणजे चाळीस लिटर सूप गटारात ओतायचं? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" सासूबाईंनी पातेल्यावरचं झाकण उचललं, नाक खुपसलं आणि लांब श्वास घेतला. "घे, तूही वास घे. काहीसुद्धा झालेलं नाही त्याला."

"वासानं नाही कळत, आई."

"पन्नास वर्षं याच नाकावर घर चालवलंय. तेव्हा कुठे होती तुझी ती डबी?"

डबी म्हणजे मोठ्या फ्रीजच्या आत चिकटवलेलं, काडेपेटीएवढं यंत्र. ते दर दहा मिनिटांनी तापमान मोजून सुनेच्या फोनवर पाठवायचं. आकडा पाच अंशांच्या वर गेला की फोन केकाटायचा. घरामागच्या शेडमधल्या या स्वयंपाकघरातून वृद्धाश्रमातल्या साठ माणसांचं दुपारचं जेवण जायचं. सूप आदल्या संध्याकाळी करून, गार करून फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी उकळून अकराच्या गाडीनं धाडायचं. सात वर्षं हेच एक काम, आणि घर सगळं त्याच्यावर.

सून मुळातच जिवाला घोर लावून घेणारी. रस्त्याच्या टोकापर्यंत गेलेली बाई गॅस बंद केलाय का बघायला माघारी यायची. यंत्र बसवलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "चला, आता तरी हिचा जीव थाऱ्यावर येईल." कसला येतोय! जेवताना, बोलताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ती फोन उघडून आकडा बघत राहायची. घरात तिला 'मीटरबाई' म्हणायला लागले.

आज सहा वाजता उठून तिनं फोन बघितला आणि तशीच शेडकडे धावली. रात्री बारापासून आकडा पाचाच्या वर, आता चौदा. टोमॅटोचा क्रेट आडवा आल्यानं फ्रीजचं दार लागलंच नव्हतं.

"पण फोन वाजला कसा नाही?" तिनं चौथ्यांदा विचारलं. सिंकपासून दारापर्यंत तिच्या फेऱ्या चालूच होत्या.

नवरा मान खाजवत म्हणाला, "वाजला होता. मीच बंद केला. तुझा नुकता डोळा लागला होता गं."

तिच्या फेऱ्या आणखीच वाढल्या.

"हे बघ, खळखळून उकळून देऊ," तो म्हणाला. "उकळल्यावर काय उरतंय?"

"जंतू मरतील. त्यांनी आत सोडलेलं विष सगळंच जात नाही. आपल्याला जुलाब झाले तर दोन दिवस पडून राहू. ऐंशीच्या माणसाला झाले तर तो उठेलच असं नाही."

"आणि कळणार कुणाला?" सासूबाई मुलाकडे वळल्या. "आश्रमवाले वही बघतात ना? दाखव रे तिला."

त्यानं खिळ्याला टांगलेली तापमानाची वही काढून दिली. अक्षर मोत्यासारखं. काल सकाळी चार, संध्याकाळी चार. आज सकाळी चार. तिचं बोट खाली सरकत गेलं. आज संध्याकाळी चार. उद्या सकाळी चार. थेट रविवारपर्यंत चार.

"उद्याचं तापमान तुम्हाला आजच कळलं?"

"सोमवारी एकदाच बसून लिहून टाकतो," तो पडेल आवाजात म्हणाला. "रोज दोनदा कोण बघत बसणार? तुझं यंत्र आहे ना!"

"कधीपासून?"

"यंत्र आल्यापासून. आठ महिने झाले असतील."

ती थांबली. हा तिच्या यंत्राच्या भरवशावर, आश्रम याच्या वहीच्या भरवशावर, आणि ताटावर बसलेली साठ माणसं सगळ्यांच्याच.

"एक अक्षर बोलू नकोस तिकडे," सासूबाई म्हणाल्या. "काम जाईल. मग काय खायचं, तुझे आकडे?"

सुनेनं पातेल्याचा एक कान धरला. दुसरा धरायला नवऱ्याला खुणावलं. तो जागचा हलेना, तेव्हा तिनं कपाटातला मोठा मग घेतला आणि सूप मोरीत ओतायला सुरुवात केली.

"अंडी उकडायला ठेवा, भात लावा, अकराच्या गाडीत आज तेच जाईल," ती म्हणाली. "गाडीबरोबर मीही जातेय. ही वही आश्रम चालवणाऱ्या बाईंना दाखवणार आहे."