माशांच्या घराचा गवंडी

सबंध सोलापूर जिल्ह्यात पाण्याखाली गिलावा करणारा एकच माणूस आहे आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. दुर्दैवाने अशासाठी, की हे गृहस्थ घरी आले की चहाआधी आमच्या भिंती वाजवून पाहतात आणि, "पोकळ हाय की ओ, पाव्हणं!" असं शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने जाहीर करतात. एका लग्नात अक्षता पडत असताना ते कार्यालयाचा खांब ठोकत होते. मूळचे होटगीचे गवंडी, पोहायला शिकले विहिरीत, आणि पुढे मोठमोठ्या मत्स्यालयांतले सिमेंटचे नकली खडक बुडी मारून दुरुस्त करू लागले. पाठीवर हवेची नळकांडी, हातात थापी. पुट्टी भाकरीच्या पिठासारखी मळायची, भेगेत दाबायची, वर दगडाचा खडबडीतपणा उठवायचा. मासे हे त्यांच्या लेखी घरमालक. काचेवर टिचकी मारून, "मालक, येऊ का आत?" असं विचारल्याशिवाय ते पाण्यात उतरत नसत. मासे खाणंही त्यांनी सोडलं. "ज्याच्या घराला गिलावा केला, त्यालाच खायाचं? बरं दिसतं का?" मासे आपल्याला ओळखतात, असाही त्यांचा दावा होता. त्यावरून आमची दर दिवाळीला भांडणं होत.

यंदा सात रस्त्याजवळच्या एका हॉटेलातल्या टाकीत खडकाला मोठी भेग पडली. डॉक्टरांनी कानामुळे साडूंना बजावलं होतं, की हे पाण्यातलं शेवटचं काम, म्हणून मीही सोबत गेलो. भेग ठेवावी तर खडक काचेवर कोसळणार, आणि बुजवावी तर तिच्यात वर्षानुवर्षं राहणारा एक जाडओठ्या म्हातारा मासा बेघर होणार. मॅनेजर म्हणाला, "सरळ बुजवून टाका."

"आवं, तितं बिऱ्हाड हाय!" साडू कडाडले. "कुटं जाईल ते या वयात?"

तीन बुड्या मारून त्यांनी भेग मागून भरली आणि पुढे एक कमानदार दार ठेवलं. उंबरठ्यासकट. पुट्टी घट्ट झाली, पण मासा दाराकडे फिरकेना. साडू खुर्ची टाकून काचेसमोर बसले, चहा निवून गेला. "मालकांना वास्तू पसंत नाही वाटतं," मी म्हणालो. त्यांनी काचेवरून नजर काढली नाही, आणि मला माझीच लाज वाटली.

दुपार कलल्यावर मासा आला. दारापाशी दोनदा घुटमळला, आत शिरला, वळला आणि उंबरठ्यावर तोंड ठेवून बाहेर बघत राहिला. साडूंनी सवयीने टिचकीसाठी बोट उचललं, मग हळूच खाली घेतलं.

"वळखलं बघा मला," ते म्हणाले.

मी म्हणालो, "व्हय."