लुमीर कुचेराच्या शेजारची खुर्ची

त्र्याण्णव साली ब्रॅनिकच्या कॉलेजचा अमेरिकी फुटबॉलचा संघ दहापैकी आठ सामने हरला. गावाला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही, कारण तो संघ बहुतेक वर्षी हरायचाच. तरीही नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात, मक्याची कापणी ऐन भरात असताना, शनिवारी दुपारी हार्वेस्टरवर बसलेला एकूण एक शेतकरी रेडिओ लावायचा. तो लावायचा लुमीर कुचेरासाठी.

लुमीर आठवडाभर बियाण्याच्या दुकानात गल्ल्यामागे उभा असे आणि शनिवारी मैदानाच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत माइकसमोर बसे. अशी एकोणतीस वर्षं झाली होती. आवाज जाडसर, बोलणं संथ. आपला संघ एकोणपन्नास–शून्य हरला तरी त्याच्या तोंडून 'हरला' हा शब्द निघत नसे. 'आज आपली पोरं जराशी कमी पडली,' एवढंच म्हणून तो गव्हाच्या भावाकडे वळायचा.

त्या उन्हाळ्यात त्याला पोत्यांवरची अक्षरं दिसेनाशी झाली. समोरच्या माणसाचे कान दिसत, टोपी दिसे, पण चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. लिंकन शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, की मधली नजर गेली ती गेली, कडेची तेवढी राहील. घरी येऊन लुमीरने बायकोला सांगितलं, चष्मा बदलावा लागणार आहे. मग तो बावन्न खेळाडूंची यादी भिंगाखाली धरून पाठ करत बसला. कुणाचा नंबर काय, कोण उंच, कोण कुठल्या गावचा. वाटलं, एवढ्यावर निभावून जाईल.

पहिल्याच सामन्यात घोटाळा झाला. अडतीस नंबरचा कॉर्ट वानेक चेंडू घेऊन साठ यार्ड धावला आणि थेट शेवटची रेषा ओलांडून टचडाउन करून आला. लुमीरने ती अख्खी धाव तेहेतीस नंबरच्या ऑस्टरमनच्या नावावर सांगितली, अगदी रंगवून. ऑस्टरमन त्या वेळी बाकावर गुडघ्याला बर्फ लावून बसला होता.

सोमवारी कॉर्टची आजी, एल्सी वानेक, कोंबड्यांचं खाद्य न्यायला दुकानात आली. पोतं मोटारीत चढवून झालं. मग म्हणाली, "लुमीर, माझा नातू तीन वर्षांत एकदा धावला, आणि तू त्याला दुसऱ्याच्या घरी दत्तक देऊन टाकलास."

लुमीरने तिची माफी मागितली. संध्याकाळी घरी जाऊन त्याने बायकोला, आर्डिथला, खरं काय ते सांगून टाकलं.

आर्डिथने तीस वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवलं होतं आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला होता. फुटबॉल तिने कधी पाहिला नव्हता. शनिवारची दुपार म्हणजे घर एकटीचं, एवढाच तिचा त्या खेळाशी संबंध. त्या वेळी ती कोलाचीच्या, म्हणजे गोड पावांच्या, पिठात खळगे करून आलुबुखाराचं सारण भरत होती. हात न थांबवता तिने विचारलं, "डॉक्टर हे कधी म्हणाले?"

"जूनमध्ये."

"आणि आता सप्टेंबर अर्धा सरलाय."

दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. तिला राग डोळ्यांचा नव्हता, चष्म्याच्या थापेचा होता. तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुझ्या त्या खुराड्यात दुसरी खुर्ची मावते का?"

पुढच्या शनिवारी ती दुर्बीण घेऊन वर चढली. दर मार्चमध्ये प्लॅट नदीवर उतरणारे क्रौंच मोजायला ती जायची, त्यामुळे थंडीत तासन् तास दुर्बीण धरून बसण्याची तिला सवय होती. ठरलं असं, की तिने नंबर हळूच कानात सांगायचा आणि बाकीचं लुमीरने. पण तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती जे दिसेल ते सांगायची. ढीग झालाय. ढिगाखाली आपला एकाहत्तर आहे. तो उठला, आता त्यांच्या पन्नासवर चिडलाय. लुमीरही गडबडीत तसंच्या तसं बोलून जायचा, आणि मैलोगणती पसरलेल्या शेतांतली माणसं एकटीच हसायची. लुमीरला यंदा काय झालंय, असं कॉफीच्या दुकानात लोक विचारू लागले. इतका रंगात तो कधीच नव्हता.

तीन सामने असे निभावले. चौथ्यात आपल्या बारा नंबरवर, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यावर, दोघे एकदम आदळले. तो पडला आणि पडूनच राहिला. आर्डिथ कुजबुजायचं विसरली.

"लुमीर, तो उठत नाहीये. त्याची आई खाली पळत येतेय. बिचारीच्या पायात एकच बूट आहे."

हे सगळं माइकमधून गेलं. लुमीर थांबला. मग तो नेहमीच्याच सुरात बोलला, "हा आवाज माझ्या बायकोचा, आर्डिथचा. मला आता नीट दिसत नाही. ती बघते, मी सांगतो. तुम्हाला हे आधीच सांगायला हवं होतं." एवढं बोलून तो पुन्हा बारा नंबरकडे वळला. पोरगं उठलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पण स्वतःच्या पायांनी चालत बाहेर गेलं.

रेडिओ केंद्राचा मालक रॉइस हेमर सोमवारी घरी आला. दोन कोलाची खाऊन झाल्या, हवापाण्याचं बोलून झालं, तरी त्याला मुद्द्यावर येता येईना. शेवटी लुमीरनेच वाट करून दिली. दुसरा कुणी बघितलायस का, असं त्याने विचारलं. रॉइस म्हणाला, लिंकनचा एक तरुण आहे, शिकलेला. लुमीर म्हणाला, तेच बरोबर आहे, फक्त हा हंगाम पुरा करू दे. रॉइसने लगेच मान डोलावली आणि टोपी विसरून गेला.

दुसऱ्या दिवशी मायलो झेमन दुकानात आला. मायलो वर्षाकाठी दहा वाक्यं बोलणारा शेतकरी. बियाण्याकडे बघत त्याने निरोप दिला, "आर्डिथला सांग, त्या आईला दुसरा बूट मिळाला का तेही सांगायचं. मी हार्वेस्टर बंद करून वाट बघत होतो."

शेवटचा सामना नोव्हेंबरात, हॉर्टनशी. त्या वर्षी पाऊस हटतच नव्हता. अर्धा खेळ होईतो दोन्ही संघ एकाच रंगाचे झाले, चिखलाच्या. पाठीवरचे नंबर गेले. प्लायवुडच्या भिंतीपलीकडे हॉर्टनचा निवेदक बसला होता. त्याची नजर धडधाकट, पण कुणाकडे चेंडू आहे ते त्याला सांगता येईना. आर्डिथला मात्र अडचण नव्हती. पक्षी दूर असला की रंग दिसत नाही, चाल दिसते, आणि या पोरांची चाल तिला आता पाठ होती. "वानेक आहे," ती म्हणायची, "उजवा पाय आत टाकतो." जरा वेळाने भिंतीवर टकटक झाली आणि पलीकडून विचारणा आली, की बाई, आमचा कोण होता तेही सांगाल का. तिने सांगितलं. त्यानंतर दोन्ही गावांनी तिचाच सामना ऐकला.

शेवटच्या मिनिटात आपण दहा–सहाने मागे होतो. वानेक चेंडू घेऊन शेवटच्या रेषेकडे घुसला आणि त्याच्यावर बारा-पंधरा जणांचा ढीग पडला. अख्खं मैदान उठून उभं राहिलं. पंच एकेकाला ओढून काढत होते.

लुमीरने माइक तिच्याकडे सरकवला. "तूच सांग."

आर्डिथने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "नाही पोचला रे. हातभर राहिला." मग म्हणाली, "पण चेंडू सोडला नाही त्याने. अजून पोटाशी धरलाय."

पंचांनीही तेच ठरवलं. लुमीरने सांगता करताना यंदा पोरं कमी पडली असं म्हटलं नाही. हातभर राहिलं, एवढंच म्हणाला, आणि ऐकणाऱ्यांचे आभार मानले.

लिंकनचा तरुण पुढच्या सप्टेंबरात आला. चांगला होता, पण तिसऱ्या शनिवारनंतर ओमाहाच्या मोठ्या केंद्राने त्याला उचललं. रॉइस पुन्हा कुचेरांच्या दारात उभा राहिला. या खेपेला कोलाचीला हात न लावताच म्हणाला, "दोघं या. माइक दोन लावतो." पुढचे सहा हंगाम ती दोघं वर चढली, पुढे तो, मागे त्याला सावरायला कोटाला धरून ती. नियम तिला शेवटपर्यंत कळले नाहीत. लुमीरने शिकवायचा प्रयत्न केला, तर ती म्हणायची, "ते तुझं खातं."

त्र्याण्णवच्या त्या चिखलातल्या हॉर्टनच्या सामन्यानंतर घरी जाताना मोटार तिने चालवली. पाऊस थांबला होता. गावाबाहेर पडल्यावर लुमीरने विचारलं, मायलोचा मका निघाला का.

"अर्धा उभाच आहे. हार्वेस्टर चिखलात रुतलंय. तो वर बसून आपल्याला हात करतोय."

लुमीरने काच खाली केली आणि त्या दिशेला हात हलवला.

"जरा डावीकडे," आर्डिथ म्हणाली.