चिमणाबाईंची किड्यांची वाटी

शाहूवाडीकडच्या चिमणाबाई शेणी थापताना शेणातला एकेक किडा वेचून वाटीत ठेवायच्या आणि काम उरकलं की घरामागच्या परड्यात सोडायच्या. चुलीत जीव जळू नये, ही आईची शिकवण.

नवे भुंगेरे शोधत दोन वर्षं जंगल तुडवणाऱ्या कोल्हापूरच्या कीटक-संशोधक संघप्रियाला कुठल्याच पुस्तकात नसलेला भुंगेरा शेवटी त्या वाटीत सापडला. वर्षभरानं ती छापील कागद घेऊन आली.

"मावशी, त्याला तुमचं नाव दिलंय."

"किड्याला माझं नाव? चेष्टा करतीस व्हय गं?" बाई उखडल्या. मग कागदावरून बोट फिरवत म्हणाल्या, "सातबाऱ्यावर मालकाचं हाय, दारावर पोराचं. माझं नाव पयल्यांदाच कशाला तरी लागलं, पोरी."

त्या दिवशी वाटी परड्यात उपडी करून त्यांनी हात जोडले.

"जावा बाबांनो. माझं नाव जपा."