एक हजार नऊपर्यंत

दातेवाल्याने कारखान्यात जन्मभर गिअरचे दाते पाडले. आता त्याच्याच तोंडातले दात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. दाते पाडायचे तर आधी त्यांचा आकडा फोडावा लागतो. चौऱ्याऐंशी म्हणजे बारा गुणिले सात, मग त्या हिशेबाने मशीन लावायचं. जो आकडा फुटत नाही, तो डोकं खातो. त्यातूनच त्याचा आणि फिटरचा खेळ सुरू झाला. चहाच्या सुट्टीत एकाने आकडा द्यायचा, दुसऱ्याने पत्र्यावर खडूने फोडायचा. कॅल्क्युलेटरला हात लावायचा नाही.

दोघे बरोबरच निवृत्त झाले. फिटर लांबच्या शहरात मुलाकडे राहायला गेला. जाताना एक आकडा देऊन गेला. दहा लाख बावीस हजार एकशे सतरा.

"फुटला की फोन कर," म्हणाला.

दातेवाल्याची बायको आधीच गेली होती. सकाळी एकुलता कप विसळला की तो स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसायचा आणि तिथेच खडूने भागाकार मांडायचा. तीनने जात नाही. सातने नाही. अकराने नाही. फुटणाऱ्या आकड्याचा एक तरी तुकडा वर्गमुळाच्या आत सापडतो. म्हणजे हजाराच्या जरा पुढपर्यंत चढायचं, वाटेत न फुटणारे आकडे तेवढे घ्यायचे. प्रत्येक भागाकार दोनदा. जुळला नाही तर पुन्हा. गुडघे धरले की त्या दिवशीचं काम बंद.

धाकटी बहीण कधीमधी डोकवायची.

"दादा, आकडा काय पळून जातोय? फोन कर ना त्यांना."

"करून काय सांगू?"

"बरा आहेस का, एवढं विचार."

"काम अर्धवट टाकून बोलता येत नाही."

"मग बस खडू खात."

थंडी सरली, उन्हाळा लागला. नऊशे ओलांडले तसा तो प्रत्येक भागाकार दोनदाऐवजी तीनदा मांडू लागला. आकडा फुटणाराच नसेल तर? फिटरने चेष्टा केली असेल तर फोन कशाच्या जोरावर करायचा? नऊशे सत्त्याण्णवनेही गेला नाही. आता एकच उरला, एक हजार नऊ. बाकी शून्य. त्याने पुन्हा मांडून पाहिलं. शून्यच.

फोनवर फिटरचा आवाज बारीक झाला होता.

"एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा," दातेवाला म्हणाला.



"आत्ता? अरे, मी सोपा दिला होता. एक हजार अकराचा वर्ग काढ, तो आपल्या आकड्याहून फक्त चारने मोठा. चार म्हणजे दोनाचा वर्ग. आता हजार अकरातून एकदा दोन काढ, एकदा त्यातच दोन घाल. झालं. वरून सुरू केलं असतंस तर पहिल्याच घावाला फुटला असता."

"काम खालून सुरू करतात."

"मला वाटलं, आठवड्याभरात फोन येईल. मग वाटलं, विसरलास."

दातेवाल्याने फरशीकडे पाहिलं.

"दुसरा आकडा दे."

"नाही देत. उद्या नुसताच फोन कर, गाढवा."

"बघतो," म्हणून त्याने फोन ठेवला. ओल्या फडक्याने फरशी पुसली, कोपरेसुद्धा. मग खुर्चीत बसून उद्या काय बोलायचं ते जुळवू लागला. बहिणीने सांगितलेलं एक वाक्य होतं. दिवेलागण झाली तरी त्याच्या पुढचं सुचत नव्हतं.