हिरवा असेल तर सही

शेताच्या एका नोंदीसाठी मी धुळ्याच्या त्या कचेरीत वर्षभर खेटे घातले. तिथल्या भाऊसाहेबांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्यांची अंगठी पाठ झाली. तिच्यात अलेक्झांड्राइटचा खडा होता. उन्हात तो हिरवा दिसे आणि पिवळ्या बल्बखाली लाल. कोणाचाही कागद समोर आला की भाऊसाहेब आधी बोट वर करून खडा बघत. हिरवा असेल तर सही. लाल असेल तर, "आज योग नाही, उद्या या."

आणि त्यांचं टेबल होतं आतल्या कोपऱ्यात, बरोबर बल्बखाली. खिडकीजवळची जागा त्यांनी दोनदा नाकारली होती. तिथं म्हणे वारा लागतो.

एकदा एक म्हाताऱ्या अक्का आल्या. खडा अर्थातच लाल निघाला.

"भाऊ, मी साक्रीथीन येस. माले रोज येवाले जमत नही," असं म्हणून त्या फरशीवरच बसल्या.

भाऊसाहेब बराच वेळ अंगठी फिरवत राहिले. मग रजिस्टर काखेत मारून उठले, व्हरांड्यात उन्हात गेले, खडा हिरवा झाल्याची खात्री केली आणि कठड्यावरच सही ठोकली.

परत येऊन ते बल्बखाली बसले. पुढचा नंबर माझा होता.

"लाल आहे. उद्या या."

"भाऊसाहेब, आपणही जरा उन्हात जाऊ या की."

"नको," ते म्हणाले, "उन्हानं मला चक्कर येते."