हिरवी वायर

कोणाच्याही घरी गेले की प्रल्हादभाऊ आधी पंखा बंद करायचे. आर्णीच्या मे महिन्यात दुसऱ्याच्या घरातला पंखा बंद करायला छाती लागते. मग ट्यूबलाइट, मग टीव्ही, मग मोबाइलचा चार्जर. एकेक बटण बंद करून ते गुणगुण कुठून येते ते डोळे मिटून ऐकत उभे राहायचे आणि घरची माणसं पदराने, वर्तमानपत्राने वारा घेत त्यांच्याकडे पाहत बसायची. शेवटी म्हणायचे, "सापडला. तुमचा फ्रीज बोंबलून राह्यला." मग पंखा सुरू व्हायचा आणि चहा मिळायचा.

बसस्टँडमागे त्यांचं दुकान होतं. मिक्सर, कूलरच्या मोटरी, लाउडस्पीकर, सगळं दुरुस्त करायचे. पण गावोगावच्या जयंतीच्या कार्यक्रमांना त्यांना बोलवायचे ते स्टेजवरच्या साउंडसाठी. बाभुळगावपासून फुलसावंगीपर्यंत कोणत्याही भीमगीत पार्टीला विचारा, साउंडला प्रल्हाद मिस्त्री असले की गायकाचा जीव शांत असायचा. त्यांना स्वतःला गाण्यातलं काही कळत नव्हतं. ते म्हणायचे, "गाणं तुमचं. गाणं थांबलं का जे ऐकू येते, ते माह्यं."

मी इथल्या ज्युनिअर कॉलेजात क्लार्क आहे, म्हणून सगळे मला बाबू म्हणतात. शालूताई हार्मोनियम वाजवत भीमगीतं गायच्या, त्यांच्या पार्टीत मी इलेक्ट्रिक गिटार वाजवायचो. गिटार यवतमाळहून जुनी घेतलेली, अ‍ॅम्प तिच्याहून जुना. सुरू केला की घूंऽऽ असा आवाज जो लागायचा, तो बंद करेपर्यंत हटायचा नाही. शालूताई वैतागून म्हणाल्या, "बाबू, तुह्या गिटारीपेक्षा माह्या घराजवळची पिठाची गिरणी सुरात हाय. जाय प्रल्हादकडं." म्हणून मी गेलो.

भाऊंनी मला दुकानात उभं केलं आणि गिटार गळ्यात अडकवून हळूहळू गोल फिरायला लावलं. खरंच, एका बाजूला तोंड केलं की गुणगुण कमी व्हायची, दुसरीकडे वाढायची. "पाय, तिकडं लायनीचा ट्रान्सफॉर्मर हाय. त्याच्या तोंडासमोर उभा राहू नको." तेव्हापासून प्रत्येक स्टेजवर ते माझ्यासाठी खडूने बाण काढून ठेवायचे. लोकांना वाटायचं, बाबूचं काहीतरी वास्तुशास्त्र आहे.

मग त्यांनी गिटारीचं पोट उघडलं. मी तारांना हात लावला की आवाज निम्मा होतो, हे मी त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. ते म्हणाले, "ते चांगलं नाई. गिटार आतून उघडी हाय, म्हणून हवेतलं सारं धरून राह्यली." जळक्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेली तांब्याची पट्टी त्यांनी आतून सगळीकडे चिकटवली, तिला सोल्डरचा डाग देऊन एक वायर जोडली. मी अ‍ॅम्प सुरू केला आणि बंद पडला की काय म्हणून परत बटण पाहिलं. ते हसले. अ‍ॅम्पचा प्लग उघडून मला दाखवत म्हणाले, "एक लक्षात ठेवजो, बाबू. लाल वायर करंट आणते, काळी परत नेते, अन् हिरवी माणूस वाचवते. तुह्या अ‍ॅम्पच्या पेटीत करंट उतरते. तो हिरवीतून जमिनीत जाते म्हणून तू जिता हायस. हिरवीले हात लावायचा नाई."

हे त्यांनी मला एकदा नाही, दहादा सांगितलं असेल. कार्यक्रमाआधी ते स्टेजवरचा प्रत्येक प्लग स्वतः उघडून ही हिरवी वायर पाहायचे.

बाभुळगावच्या जयंतीला माझा मेहुणा पुण्याहून कॅमेरा घेऊन आला होता. शालूताईंच्या गाण्यांचं पहिलं चांगलं रेकॉर्डिंग होणार, आणि त्यात माझी गिटारही ऐकू येणार, याची मला कोण घाई. आवाज नीट यावा म्हणून माझ्या अ‍ॅम्पची एक वायर थेट मिक्सरला जोडली, आणि ती गुणगुण परत आली, पूर्वीपेक्षा जाड. भाऊ मंडपाच्या दुसऱ्या टोकाला होते. तिथूनच ओरडून म्हणाले, "दहा मिनिटं थांब. तुह्या अ‍ॅम्पचं कनेक्शन एकीकडं हाय, मिक्सरचं दुसरीकडं. दोन्ही एका बोर्डावर आणतो."

दहा मिनिटं काही जास्त नव्हती. पण मी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं होतं की अर्थिंग काढलं की असला आवाज जातो. मी प्लग उघडला, हिरवी वायर सोडवली, मागे दुमडली आणि तिला पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. तारांनी बोटं कापतात म्हणून दवाखान्यातल्या त्या पट्टीचं एक रीळ माझ्या खिशात नेहमी असायचं. प्लग बंद केला. आवाज गेला.

भाऊ आले, डोळे मिटून उभे राहिले. "कोणं केलं?"

"मी," म्हणालो, "बोर्ड बदलला."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शिकला बाबू," म्हणाले, आणि बाकीचे प्लग उघडून पाहायला गेले. माझा प्लग त्यांनी उघडला नाही.

तिसऱ्या गाण्याला शालूताई हार्मोनियम सोडून नेहमीप्रमाणे माझ्याजवळ आल्या. ध्रुवपद मी म्हणावं म्हणून एका हाताने माइक माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात लाडाने गिटारीच्या तारांवर ठेवला. जमिनीत जायची वाट मी बंद केली होती, तो करंट त्या तारांवर येऊन बसला होता. मी रबरी चपलांत होतो म्हणून मला काही झालं नव्हतं; ताईंच्या हातातल्या माइकमधून त्याला जमिनीची वाट मिळाली. त्या फेकल्यासारख्या मागे गेल्या आणि स्टेजवरून खाली पडल्या. जीव वाचला. उजवं मनगट मोडलं.

त्यांना दवाखान्यात नेल्यावर भाऊंनी माझा प्लग उघडला. मी शेजारीच उभा होतो. त्यांनी ती पांढरी पट्टी पाहिली. मग माझ्या बोटांकडे पाहिलं. दोन बोटांना तीच पट्टी होती. त्यांनी शांतपणे हिरवी वायर जागेवर बसवली, स्क्रू आवळला, आणि समितीचे अध्यक्ष तावातावाने आले तेव्हा म्हणाले, "माही चूक होय. मी पाह्यलं नाई."

मी तिथंच होतो. तोंड उघडलं नाही. नोकरी, पोलीस, शालूताईंचे भाऊ, काय काय डोक्यात आलं. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं.

मिस्त्रीच्या हलगर्जीपणाने बाई मरता मरता वाचली, ही गोष्ट जिल्हाभर गेली. पुढच्या जयंतीला भाऊंना एकाही गावाने बोलावलं नाही. त्यानंतरही कधी नाही. ते कूलर आणि मिक्सर दुरुस्त करत राहिले. शालूताईंचं मनगट वाकडंच जुळलं. हार्मोनियम सुटली, गाणं तेवढं राहिलं.

मी मात्र भाऊंकडे जात राहिलो. दरवर्षी गिटारीत काही ना काही बिघडायचं, किंवा मीच काहीतरी कारण काढायचो. ते पूर्वीसारखेच बोलायचे. काम झालं की दुकानातला पंखा बंद करायचे आणि गिटार माझ्या हातात देऊन विचारायचे, "आता काई ऐकू येते का?"

"नाही, भाऊ."

ते थोडा वेळ तसेच थांबायचे. मग पंखा सुरू करायचे. अशी बारा वर्षं गेली. तेवढ्या काळात मला एक वाक्य बोलता आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, अंगणात शंभरेक माणसं होती. भाड्याने आणलेला स्पीकर घूं करत होता आणि तो दुरुस्त करणारा माणूस समोर फोटोत होता. मलाही बोलायला सांगितलं. माइक हातात घेताना मी ठरवलं होतं की आज सांगायचंच. समोर शालूताई बसल्या होत्या, वाकडा हात मांडीवर ठेवून. मी बोललो. त्यांच्या हातात जादू होती, असा माणूस होणे नाही, असलं बरंच काही बोललो आणि खाली बसलो.

चहाच्या वेळी शालूताई जवळ आल्या. "बाबू, आज तरी सांगशीन वाटलं होतं."

मी कप खाली ठेवला.

"प्रल्हादनं मले दवाखान्यातच सांगतलं होतं. मी म्हटलं, मंग त्याचं नाव काहून नाई घेतलं तू? तर म्हणे, ताई, मी सांगतलं तर तो जन्मभर खाली मान घालून फिरन. त्यानं सोताहून सांगतलं तर सुटन. तू बोलू नको, वाट पाय. दर जयंतीले मी त्याले इचारो, सांगतलं का रे बाबूनं? तो म्हणे, येते तो दुकानात. सांगन." त्यांनी डाव्या हाताने पदर सारखा केला. "आखरीले तो सोता दवाखान्यात भरती होता तवाही म्हणे, सांगन."

त्या निघून गेल्या. अंगणात स्पीकर तसाच वाजत होता. मी उठून तो बंद केला, पण त्यानंतरची शांतता ऐकणारे भाऊ आता नव्हते.

मी अजूनही माइकवर हे बोलू शकेन असं मला वाटत नाही, म्हणून लिहितो आहे. आर्णीत, बाभुळगावात, फुलसावंगीत ज्यांनी ज्यांनी प्रल्हाद मिस्त्रींना पुन्हा बोलावलं नाही, त्यांनी वाचावं. त्या दिवशी हिरवी वायर मी काढली होती.