मेला नाही, मरून राहिला

आमच्या सरांची ओळख करून देताना हल्ली सगळे 'द्वैभाषिक कवी आणि नाटककार' म्हणतात. द्वैभाषिक म्हणजे काय ते मला विचारा. सर दिवसा नागपूरशेजारच्या कामठीच्या शाळेत माझ्या निबंधातल्या 'मले' खाली लाल रेघ ओढून 'मला' लिहायचे, आणि संध्याकाळी घरी बसून स्वतःच्या कवितेत 'मले' लिहायचे. हा सरळसरळ अन्याय होता आणि मी तो नववीतच त्यांच्या तोंडावर सांगितला. ते म्हणाले, "तो अन्याय नाही वं, ती नोकरी हाय."

सरांनी सुरुवात केली एकोणीसशे साठच्या दशकात, प्रमाण मराठीतून. 'सखे' वगैरे. कामठीत कोणी कोणाला सखे म्हणत नाही. म्हटलंच तर तिचा भाऊ विचारपूस करायला येतो. त्या कविता पुण्याकडच्या दिवाळी अंकांत छापून यायच्या. वऱ्हाडीतल्या कविता मात्र लग्नाच्या मांडवात म्हणायला लागायच्या. जेवणं झाली की कोणीतरी ओरडायचं, "सर, ते आपलं गमतीचं होऊन जाऊ द्या." ती 'गमतीची' कविता त्यांच्या आईच्या मरणावर होती. तिच्या पहिल्याच ओळीत 'काहून' आहे, म्हणजे साधं 'का'. 'काहून' आला की मांडव हसायचा. सर थांबायचे, हसू ओसरू द्यायचे आणि पुढची ओळ म्हणायचे. मला त्या सगळ्या वऱ्हाड्यांना धरून हलवावंसं वाटायचं.

नाटकांत तर विचारूच नका. मालक, मालकीण, डॉक्टर सगळे पुण्याचं बोलणार, आणि टोपी सावरत 'काहून जी' म्हणत शिरणार तो गडी. नागपूरच्या रंगमंचावर, नागपूरच्या प्रेक्षकांपुढे, नागपूरचा माणूस फक्त चहा आणून द्यायला. आम्ही कॉलेजातल्या काही जणांनी बोलीरक्षण समिती काढली ती यासाठी. पत्रकं मी लिहायची. सीताबर्डीच्या एका गल्लीतल्या छापखान्यात माझी 'धिक्कार' आणि 'जाहीर सवाल' ही अक्षरं जुळवून तयारच ठेवलेली असायची.

सत्तरचं दशक संपत आलं असताना सरांनी पूर्ण वऱ्हाडी नाटक लिहिलं. घरातला बुढा मरणाच्या दारी आहे. सुना, मुलं, शेजारी भोवती आहेत, आणि तो खाटेवरून सगळ्यांचे जुने हिशेब चुकते करतो आहे. शेवटी त्याचा धाकटा भाऊ येतो. दोघं अनेक वर्षं बोललेले नाहीत. बुढा विचारतो, "काहून आला गा?" भाऊ म्हणतो, "असाच." बुढा म्हणतो, "बस मंग." पडदा.

वाचून दाखवून झाल्यावर सर म्हणाले, "आपल्या भाषेत मानूस हसवाले येते. मराले कधी येत नाही. मले एकच पाह्यजे. त्या शेवटच्या 'काहून'वर थेटर गप राह्यलं पाह्यजे. हसले, तं मी वऱ्हाडी सोडली. मंग सखेच लिहीन."

"सर, ही धमकी झाली," मी म्हटलं.

"धमकी नाही. थकलो वं."

आता हे सर्व पणाला लागलं होतं एका शब्दावर, आणि ते नाटक सरांनी दिलं कोणाला? पुण्याहून त्याच उन्हाळ्यात बदलून आलेल्या, रामदासपेठेत राहणाऱ्या एका बँकेच्या साहेबाला. साहेबांना नाटकाचं वेड, बँकेत हौशी मंडळ, प्रकाशयोजनेचे दिवे स्वतःचे. नाट्यस्पर्धेत उतरायचं तर दिवे लागतात, असं सरांचं म्हणणं. साहेबांची एकच अट होती, लेखकाने तालमीला यायचं नाही. मी निषेध नोंदवला. सर म्हणाले, "नोंदव," आणि गेले नाहीत.

आम्हाला बोलावलं ते थेट रंगीत तालमीला, प्रयोगाच्या आदल्या दिवशी. दिवे निळे. खाटेवर बुढ्याचं काम करणारे बँकेचे कॅशियर, पांढऱ्या चादरीत, नाकात कापसाचे बोळे. सूनबाई धावत आली आणि नाटकाचं पहिलं वाक्य म्हणाली: "बुढा मरून राहिला अन् तुम्ही चहा पिऊन राहिले?" त्याबरोबर कॅशियर चादरीसकट उठले, तरंगत चालल्यासारखे चालले, रंगवलेल्या भिंतीला मुद्दाम पाडलेल्या फटीतून आरपार गेले आणि नाकातून बोलू लागले.

सरांनी माझा हात धरला. मास्तर माणूस, कधी कोणाला हात लावत नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "हे काय आहे?"

साहेब भारावलेले होते. "तुमच्या पहिल्याच वाक्यावर मी दोन रात्री झोपलो नाही हो. मरून राहिला! म्हणजे मेला, पण गेला नाही. राहिला! आणि घरातले? चहा पिऊन राहिलेत, जेवून राहिलेत, भांडून राहिलेत. या घरातून कोणीच जात नाही. सगळी भुतंच. मराठीत असं नाटक झालेलं नाही."

झालेलं नव्हतंच. आमच्याकडे 'मरून राहिला' म्हणजे 'मरतो आहे', अजून जिवंत आहे, थोडा वेळ आहे. हे नागपुरातल्या कोणत्याही पानठेल्यावर कळलं असतं. सरांनी ते समजावून सांगितलं, वर्गात काळ शिकवतात तसं, उदाहरणं देऊन. साहेब ऐकता ऐकता खुर्चीवर बसले.

"म्हणजे तो भूत नाही?"

"नाही."

"आणि सून?"

"ती चहा पिणाऱ्यांवर चिडली आहे, एवढंच."

मी कॅशियरांकडे वळले. हा माणूस नागपूरच्याच इतवारीत जन्मलेला. "काका, तुम्हाले तं समजत होतं ना?"

त्यांनी नाकातला एक बोळा काढला. "समजत होतं ना वं. पण मले वाटलं, नवीन टाइपचं नाटक असन. सायबानं सांगतलं का तू मेला, म्हंजे मी मेलो. बँकेत असंच राह्यते."

साहेब मनाने सज्जन निघाले. निळे दिवे काढायला लावले, चादर काढली, भिंतीची फट बुजवायला सांगितली. पण कॅशियर रडकुंडीला आले. "सर, इतके दिवस मेलो. आता एका दिवसात जित्ता कसा होऊ?" आणि खरंच, काही केल्या त्यांचा आवाज नाकातून खाली उतरेना.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत बसले होते. मला तो चेहरा पाहवला नाही. बँकेतल्यांनी भुताचं नाटक म्हणून आधीच गावभर सांगितलं होतं; लोक ते ऐकून हसायच्या तयारीनेच येणार, हे दिसत होतं. मी कामठी येईपर्यंत मांडीवर पत्रक लिहिलं, उलट्या बसने सीताबर्डीला गेले, उभं राहून छापून घेतलं आणि संध्याकाळी समितीने ते बर्डीपासून कामठीच्या बस स्टँडपर्यंत वाटलं. मजकूर असा:

'खोट्या प्रचाराला बळी पडू नका! कामठीच्या कवीचा बुढा मेलेला नाही! तो मरून राहिला आहे! उद्या दुपारी स्वतः येऊन पहा!'

खाली बारीक टाइपात सभागृहाचं नाव होतं. मजकूर व्याकरणाला धरून अचूक होता, हे मी आजही कोणाहीसमोर सांगायला तयार आहे. आमच्याकडे 'कवीचा बुढा' म्हणजे कवीचा बाप, हे मला ठाऊक होतं. पण पत्रक नाटकाचं आहे हे खालची ओळ वाचणाऱ्याला कळत होतं. लोक खालची ओळ वाचत नाहीत याला समिती जबाबदार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे गेले तर दारात चपलांचा ढीग.

सरांचे वडील जन्मभर मागावर बसलेले. मागांच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही कँटोनमेंटपर्यंत जायचं. ते खाटेवर बसून शेंगदाणे खात होते आणि समोर ग्लुकोज बिस्किटांचे पुडे रचलेले होते. जुने विणकर, गल्लीतल्या बाया, शाळेचा शिपाई, सगळे चेहरे पाडून बसलेले.

"मी मरून राह्यलो म्हनते," त्यांनी मला पाहून सांगितलं. "मले कोनी बोललंच नाही."

"बाबा, ते नाटकातलं हाय," काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, चौथ्यांदा चहा टाकत म्हणाल्या. "या पोरीनं कागद वाटले."

"असन. पन लोक आले ना. आता त्याईले वापस कसं पाठवू? बस वं, बिस्कुट खा."

एक म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुमी तं चांगले दिसून राह्यले, भाऊजी."

"आखरी वक्ताले दिसतेच मानूस चांगला," बाबा म्हणाले, आणि शेंगदाणा तोंडात टाकला.

सर आतल्या दारात उभे होते. माझ्यावर चिडले असतील असं वाटून मी उत्तर तयार करत होते. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. त्यांच्या घरात माणसं मरणाबद्दल बोलत होती, आमच्याच भाषेत, आणि कोणी हसत नव्हतं.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. बाबांचा धाकटा भाऊ आला होता. तो मागच्याच गल्लीत राहायचा, पण दोघांचं बोलणं सायकलच्या पंपावरून बंद पडलं होतं. भावाने पंप नेला, परत आणला तो वायसर नसलेला. एवढंच. त्यानंतर दोघांनी एकमेकांच्या लग्नकार्यात वेगवेगळ्या पंगती धरल्या. सरांचं नाटक कुठून आलं ते मला त्या क्षणी कळलं.

भाऊ खाटेजवळ उभा राहिला. बाबांनी शेंगदाणे खाली ठेवले.

"काहून आला गा?"

भावाने पायातल्या चपलांकडे पाहिलं. चपला काढायच्या राहून गेल्या होत्या. "असाच," तो म्हणाला.

बाबांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खोलीतल्या खोलीत राहिला. "बस मंग."

चहाचं भांडं उतू गेलं तरी काकू हलल्या नाहीत. सर दाराची चौकट धरून उभे.

मग बाबांनी जाहीर केलं की इतके लोक आलेच आहेत तर सगळ्यांनी नाटकाला जावं, कारण 'मी कसा मरतो ते मले पाह्याचं हाय'. दुपारी सगळी कामठी एका मालवाहू ट्रकमधून नागपूरला निघाली.

प्रयोगाचं काय सांगू. पडदा उघडला आणि कॅशियरांच्या नाकात बोळे तसेच. लोक खदखदले. सूनबाईने 'तुमचं नाक पुसून देते' म्हणून ते ओढून काढले, त्यावर टाळ्या. मग कॅशियर सवयीने उठले, तरंगले आणि भिंतीतून जायला निघाले. फट बुजवलेली होती. भिंत कॅशियरांसह गेली. परीक्षकांच्या रांगेतले बाहेरगावचे एक गृहस्थ हसून हसून खुर्चीच्या हातावर आडवे. सर माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणत होते. मी कान दिला. 'सखे' होतं.

शेवटचा प्रवेश आला. नाटकातला भाऊ शिरला. कॅशियरांनी तोंड उघडलं आणि त्यांची नजर समोर गेली. पहिल्या रांगेत बाबा आणि त्यांचा भाऊ शेजारी शेजारी बसले होते. पुढे झुकून, अगदी सारखे. त्यांच्या मागे कामठीचे दोन रांगाभर लोक, ज्यांनी सकाळी हेच पाहिलं होतं, श्वास धरून.

"काहून आला गा?" कॅशियर म्हणाले. नाकातून नाही. इतवारीतल्या माणसाच्या आवाजात.

कामठी गप्प होती. कामठी गप्प म्हणून मागचं नागपूर गप्प झालं. आणि त्या शांततेत ते बाहेरगावचे परीक्षक एकटेच मोठ्यांदा हसले. सगळं सभागृह त्यांच्याकडे वळून बघू लागलं. त्यांनी रुमाल तोंडावर धरला.

"असाच."

"बस मंग."

आम्हाला बक्षीस मिळालं. उत्कृष्ट विनोदी नाटकाचं. मी तिथेच निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. साहेब म्हणत होते, "पण मी विनोदी बसवलंच नव्हतं." सर बक्षिसाची ढाल हातात घेऊन बाबांपुढे उभे राहिले.

"बाबा, खरं सांगा. 'काहून'वर कोनी हसलं का?"

बाबांनी विचार केला. "एक जन हसला. पन तो पाव्हना होता. पाव्हन्याले काय म्हनाचं." मग भावाकडे वळून, "काय गा?"

"पाव्हना होता," भाऊ म्हणाला.

सरांनी ढाल बाबांच्या हातात दिली. मग माझ्या हातातलं पत्रक घेतलं, खिशातून लाल पेन काढलं आणि 'परीक्षकाईले' खाली रेघ ओढून 'परीक्षकांना' लिहिलं.

मी भडकले. "सर, आता तरी?"

"त्याले कळलं पाह्यजे ना वं, तू काहून चिडली ते," सर म्हणाले. "या बाजूनं त्याच्यासाठी लिही. मागच्या बाजूनं आपल्यासाठी."

मी दोन्ही बाजूंनी लिहिलं. मागची बाजू तपासताना त्यांनी एकही रेघ ओढली नाही. फक्त एका जागी मी 'मला' लिहिलं होतं, त्याखाली ओढली.